प्रोटॉनचें वजन

वाण्याकडून गव्हाचें पोतें घरीं आलें म्हणजे त्याचें वजन पन्नास किलोच कां भरलें, असा प्रश्न कोणी विचारीत बसत नाहीं. आंतील दाण्यांच्या वजनाची बेरीज करावी, तींत बारदानाचें वजन मिळवावें, कीं हिशेब पुरा झाला. अवयवांचें वजन मिळून अवयवीचें वजन होतें, ही समजूत आपल्या व्यवहारांत इतकी खोल मुरलेली आहे कीं, तिला कधीं काळीं बाध येईल अशी शंकाहि मनास शिवत नाहीं. परंतु आपण हातांत धरूं शकतों अशा कोणत्याहि पदार्थाच्या वजनाचा माग काढीत शेवटच्या पायरीपर्यंत उतरलें, तर तेथें ही समजूत साफ खोटी ठरते. पदार्थ अणूंचा बनलेला. अणूचें जवळजवळ सारें वजन त्याच्या गर्भांत. गर्भ प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा. आणि यांपैकीं प्रत्येक तीन क्वार्कांचा. येथवर हिशेब ओळखीचाच वाटतो. पण त्या तीन क्वार्कांच्या वजनांची बेरीज करून पाहावी, तर ती प्रोटॉनच्या वजनाच्या जेमतेम शंभरावा भाग भरते! शंभर किलोच्या पोत्यांत दाणे एका किलोचे. मग उरलेले नव्याण्णव किलो कशाचे?

या प्रश्नाचें उत्तर १९६१ पासून २००८ पर्यंतच्या सुमारें अर्ध्या शतकांत कसें हळूहळू हातीं आलें, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी केवळ त्या शास्त्राच्या पंडितांनींच त्यांत लक्ष घालावें असें नाहीं. उत्तर बरोबर येणें आणि गोष्ट समजणें या दोहोंत अंतर आहे काय, असा एक जुनाच प्रश्न या हकीकतींत गुंतलेला आहे. आणि तो पाढे घोकणाऱ्या मुलापासून त्याच्या शिक्षकापर्यंत सर्वांचाच आहे.

प्रथम मापाविषयीं दोन शब्द. इतक्या लहान वस्तूंना ग्रॅमचें माप लावूं गेल्यास दशांशचिन्हापुढें शून्यांची लांबच लांब रांग लागते. म्हणून शास्त्रज्ञ, वस्तुमान व ऊर्जा हीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें आहेत या आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन, कणांचें वस्तुमान ऊर्जेच्या मापांत सांगतात. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें तें माप होय. त्याला आम्ही या लेखापुरतें 'मात्रा' म्हणूं. या मापानें इलेक्ट्रॉन अर्ध्या मात्रेहून किंचित् अधिक, प्रोटॉन ९३८.२७ मात्रा आणि न्यूट्रॉन ९३९.५७ मात्रा भरतो. वजन आणि वस्तुमान यांतील शास्त्रीय भेद आम्ही जाणतों. परंतु घरगुती शब्दाची सोय म्हणून येथें 'वजन' हाच शब्द योजला आहे, त्याबद्दल सूक्ष्मदर्शी वाचकांनीं क्षमा करावी.

प्रोटॉन हें नांव रदरफर्डनें १९२० सालीं रूढ केलें. न्यूट्रॉनचा शोध चॅडविकनें १९३२ सालीं लावला. त्याच वर्षीं हायझेनबर्गनें असें सुचविलें कीं, हे दोघे एकाच कणाचीं दोन रूपें मानावे. वजनें जवळजवळ सारखीं, भेद काय तो विद्युद्भाराचा. परंतु तें वजन ९३८ च कां, ५०० किंवा २००० कां नव्हे, असें त्या काळीं कोणी विचारलें असतें, तर हा मूलकण आहे, त्याच्या वजनास कारण कसलें, असेंच उत्तर मिळालें असतें. ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, त्याचप्रमाणें मूलकणाचें वजनहि विचारूं नये, अशी जणुं ती मर्यादाच होती.

ही मर्यादा मोडली ती प्रश्न विचारणाऱ्यांनीं नव्हे. नव्या कणांच्या गर्दीनें मोडली. १९४७ सालीं मँचेस्टर येथें रॉचेस्टर व बटलर या दोघांस विश्वकिरणांच्या छायाचित्रांत कांहीं अनपेक्षित खुणा दिसल्या. १९५० सालीं मेलबोर्न विद्यापीठांतील हॉपर व बिस्वास यांना, ज्याच्या विघटनांतून प्रोटॉन बाहेर पडतो असा एक विद्युद्भारहीन कण आढळला. पुढें त्याला लॅम्डा हें नांव मिळालें. त्याचें वजन १११६ मात्रांच्या आसपास, म्हणजे प्रोटॉनहूनहि अधिक! नंतर सिग्मा आले, ते तीन, सरासरी ११९३ मात्रांचे. क्साय आले, ते दोन, १३१८ मात्रांचे. शिकागो येथें फर्मीच्या प्रयोगांत १९५२ सालीं डेल्टा या १२३२ मात्रांच्या चार भावंडांचा सुगावा लागला. या सगळ्या जड कणांच्या कुळास पाइस या शास्त्रज्ञानें 'जड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बॅरिऑन असें कुलनाम दिलें. हे कण जन्मतांच फुटतात. आणि फुटतां फुटतां शेवटीं प्रत्येकाच्या वंशांत एक प्रोटॉन उरतो, हें या कुळाचें लक्षण.

आतां मूलकण दोन नव्हते. डझनावारी होऊं लागले. आणि जेथें वजनांची यादी लांबते, तेथें यादींत कांहीं रीत आहे काय हें पाहण्याची बुद्धि माणसास होतेच. शिकागो येथें मरे गेल-मान आणि जपानांत निशिजिमा यांनीं १९५३ च्या सुमारास या नव्या कणांना 'विचित्रता' नांवाचा एक गुणांक लावून दाखविला होता. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची विचित्रता शून्य, लॅम्डा व सिग्मा यांची एक, क्साय यांची दोन. (शास्त्रांत हे आंकडे ऋण धरतात; आपणांस त्याचें प्रयोजन नाहीं.) १९६१ सालीं गेल-मान यानें आणि त्याच्याशीं कसलाहि संबंध नसलेल्या युव्हाल नेमान यानें एकाच वेळीं दाखवून दिलें कीं, विचित्रता व विद्युद्भार यांच्या पटावर हे आठ कण मांडले असतां त्यांची एक सुडौल षट्कोणी आकृति होते: सहा कोनांवर सहा आणि मध्यें दोन. नेमान हा इस्रायलच्या सैन्यांतील अधिकारी. लंडन येथील वकिलातींत लष्करी कामावर असतांना तो इंपीरियल कॉलेजांत अब्दुस सलाम यांच्या हाताखालीं शिकत होता. गेल-मान यानें या आठांच्या मांडणीस भगवान् बुद्धांच्या अष्टांगिक मार्गावरून नांव दिलें. त्यांत धर्माचा कांहीं संबंध नाहीं, केवळ आठ या आंकड्याचा विनोद आहे. त्याच वर्षीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बंगळूर येथें भरविलेल्या उन्हाळी वर्गांत गेल-मान यानें या नव्या मार्गावर व्याख्यानें दिलीं. म्हणजे ज्या भूमींतून तें नांव गेलें, तेथील विद्यार्थ्यांनीं तो विचार ताजा ताजा ऐकला.

आकृति सुंदर खरी. पण ती संपूर्ण खरी असती तर आठहि कणांचीं वजनें सारखीं असावयास हवीं होतीं, आणि तीं तशीं नाहींत. तेव्हां प्रश्न असा कीं, सममिति मोडते ती कांहीं नियमानें मोडते काय? गेल-मान यानें आणि १९६२ सालीं ओकुबो या जपानी शास्त्रज्ञानें याचें जें उत्तर काढलें, तें इतकें सोपें आहे कीं, वाचकांनीं स्वतः पाटीवर करून पाहावें. प्रोटॉन-न्यूट्रॉनची सरासरी ९३९ आणि क्सायची १३१८; यांचा मध्य काढिला तर ११२८.५ येतो. दुसरीकडे लॅम्डाचें वजन तीनदां आणि सिग्माचें एकदां घेऊन बेरजेस चारांनीं भागावें, ११३५ येतात. दोन्ही आंकडे सारखे यावेत असें सूत्र सांगतें. फरक पडतो तो शेंकडा एकाहूनहि कमी! ज्यांच्यांत वरवर पाहतां कसलाहि संबंध दिसत नव्हता अशा चार वजनांस एका सूत्रानें एकत्र बांधलें.

या सूत्राची खरी कसोटी लागली ती पुढेंच. डेल्टाचे चार कण, १३८५ मात्रांचे तीन आणि १५३० मात्रांचे दोन असे नऊ कण १९६२ पर्यंत नजरेस आले होते. यांपैकीं शेवटच्या दोहोंची वार्ता त्या वर्षीं जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेंतच प्रगट झाली. गेल-मान व नेमान दोघेहि सभागृहांत होते. दोघांच्याहि मनांत एकच विचार आला आणि दोघांनींहि बोलण्यासाठीं हात वर केला. अध्यक्षांनीं गेल-मान यास आधीं बोलाविलें. त्याचा युक्तिवाद असा: चार, तीन, दोन अशा उतरत्या ओळी आहेत, तेव्हां खालीं एकाची ओळ असलीच पाहिजे आणि त्रिकोण पुरा झाला पाहिजे. वजनें १२३२, १३८५, १५३०. प्रत्येक पायरीस सुमारें १५० मात्रांची चढण. म्हणून दहावा कण १६८० च्या सुमारास असावा, त्याची विचित्रता तीन असावी, आणि त्याचा भार ऋण असावा. नांवहि आधींच ठेविलें: ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेंतील शेवटचें अक्षर.

मूल जन्मण्यापूर्वीं बारसें करण्याचें हें धाडस होतें. न्यूयॉर्कजवळील ब्रूकहॅवन येथील प्रयोगशाळेंत द्रवरूप हायड्रोजननें भरलेल्या ऐंशी इंची बुद्बुदपात्रांत कणांचे मार्ग बुडबुड्यांच्या रेषांनीं उमटत. त्यांचीं सुमारें एक लक्ष छायाचित्रें घेण्यांत आलीं. निकोलस सेमिओस व त्याचे सहकारी तीं एकेक करून तपाशीत होते. १९६४ च्या आरंभीं त्यांतील एका छायाचित्रांत हवा होता तो मार्ग सांपडला. सेकंदाचे दहा अब्ज भाग करावे, त्यांपैकीं एका भागाइतकेंहि आयुष्य त्या कणास लाभलें नव्हतें; पण तेवढ्यांत त्यानें आपली सही केली होती. त्या पहिल्या मापनांत वजन १६८६ मात्रा भरलें, तेंहि बारा मात्रा इकडे तिकडे धरून. पुढील अधिक काटेकोर मापनांत तें १६७२ ठरलें. शोधाच्या निबंधावर ३३ जणांच्या सह्या होत्या.

येथें आमच्या हकीकतीचा पहिला अंक संपतो, आणि येथेंच पहिली शंका उभी राहते. सूत्र बरोबर, भाकित खरें, पण समजलें काय? पंचांगकर्ता ग्रहणाची घटका अचूक सांगतो; तेवढ्यावरून ग्रह कां फिरतात हें त्यास कळलें असें होत नाहीं. केप्लरनें ग्रहांच्या गतीचे नियम सांगितले, कारण सांगावयास न्यूटन यावा लागला. गेल-मान आणि ओकुबो यांचें सूत्र हें या कणसृष्टीचें पंचांग होतें. तें चार वजनांतील नातें सांगे. पण त्यांपैकीं एकहि वजन स्वतंत्रपणें सांगण्याची शक्ति त्यांत नव्हती. तीन सांगा, चौथें सांगतों, अशी त्याची अट.

१९६४ सालींच गेल-मान आणि जिनीव्हा येथें काम करणारा तरुण जॉर्ज झ्वाइग यांनीं स्वतंत्रपणें सुचविलें कीं, हे सारे बॅरिऑन तीन तीन लहान घटकांचे आहेत. झ्वाइगनें त्यांस एक्के म्हटलें, गेल-मान यानें क्वार्क. दुसरें नांव टिकलें. या कल्पनेनें त्या समान पायऱ्यांचें रहस्य एका वाक्यांत उलगडलें. घटकांच्या 'अप' व 'डाउन' या दोन जाती हलक्या, आणि 'स्ट्रेंज' ही तिसरी जड. डेल्टांत जड घटक एकहि नाहीं, पुढच्या ओळींत एक, मग दोन, आणि ओमेगांत तीनहि जड. पायरीगणिक एक हलका घटक जाऊन जड येतो, म्हणून चढण सारखी. पुढें १९६८ पासून स्टॅनफर्ड येथील प्रयोगांत वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळून उसळूं लागले, तेव्हां प्रोटॉनच्या पोटांत खरोखरच टणक असे कांहींतरी कण आहेत याची साक्ष पटली.

मात्र वजनाचा हिशेब मांडूं गेल्यास या मतांत एक लबाडी लपलेली दिसे. प्रोटॉनचे ९३८ यावेत म्हणून प्रत्येक हलक्या क्वार्काचें वजन तीनशेंहून अधिक मात्रा धरावें लागे; आणि तें तसें कां धरावें, तर ९३८ यावेत म्हणून! वाण्यानें पोत्याचें वजन पाहून दाण्याचें वजन ठरविण्यासारखेंच तें झालें. तथापि या मार्गानेंहि पुष्कळ कांहीं शिकावयास मिळालें, हें नमूद केलें पाहिजे. लॅम्डा व मधला सिग्मा यांचे घटक अगदीं तेच, तरी वजनांत ७७ मात्रांचा फरक कां? १९७५ सालीं द रुहुला, जॉर्जी आणि ग्लॅशो यांनीं दाखविलें कीं, क्वार्कांच्या अंगच्या भोवऱ्यासारख्या फिरकीचीं तोंडें एकमेकांशीं कशीं जुळतात, यावर तो फरक अवलंबून आहे. डेल्टा हा प्रोटॉनहून जवळजवळ तीनशें मात्रांनीं जड कां, याचेंहि कारण तेंच: डेल्टांत तीन्ही फिरक्यांचीं तोंडें एकाच दिशेस.

यांतील मूळ कारण आलें तें १९७३ सालीं. क्वार्कांस बांधून ठेवणाऱ्या बलाचा सिद्धान्त त्या सुमारास आकारास आला. विद्युत्प्रमाणें या बलासहि भार असतो, पण तो एक प्रकारचा नसून तीन प्रकारचा. त्यास 'रंग' म्हणतात. बल वाहून नेणाऱ्या कणांस ग्लुऑन हें नांव मिळालें. गोंद या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून तें आलें. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्सर यांनीं त्या वर्षीं सिद्ध केलें कीं, हें बल जवळ गेलें असतां दुबळें होतें आणि दूर जाऊं लागलें असतां वाढतें. सुटूं पाहावें तों फांस आवळावा, तशी ही जात. या शोधास २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या एका गोष्टींत प्रोटॉनच्या वजनाचें बीज आहे. म्हणून वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. क्वार्कांस स्वतःचें वजन मुळींच नाहीं असें समजा. तरीहि बल वाढत वाढत जेथें अनावर होतें असें एक अंतर आपोआप ठरतें. तें सुमारें प्रोटॉनच्या आकाराएवढें. त्याच्या बाहेर क्वार्कास जातां येत नाहीं. आणि पुंजसिद्धान्ताचा असा नियम आहे कीं, कण जितका लहान जागेंत कोंडावा तितका तो अधिक जोरानें धांवतो. म्हणजे अंतर ठरलें कीं धांव ठरली, धांव ठरली कीं ऊर्जा ठरली, आणि आइन्स्टाइनच्या न्यायानें ऊर्जा ठरली कीं वजन ठरलें. ज्यांस वजन नाहीं अशा वस्तू कोंडल्यानें वजन उत्पन्न होतें! पोत्यांतील नव्याण्णव किलो कशाचे, याचें उत्तर हें: दाण्यांच्या धांवेचे आणि त्यांना आवळणाऱ्या फांसाच्या ताणाचे.

कारण कळलें, आंकडा मात्र दूरच राहिला. इलेक्ट्रॉन व प्रकाश यांच्या सिद्धान्तांत प्रत्येक पुढची दुरुस्ती मागचीहून पुष्कळच लहान असते. म्हणून दोन चार दुरुस्त्या केल्या कीं उत्तर हातीं येतें. येथें प्रोटॉनच्या आकाराच्या अंतरावर बल इतकें प्रबळ कीं, पुढची दुरुस्ती मागचीएवढीच मोठी. जमाखर्च कधींच मिटत नाहीं. मग लोकांनीं आडवाटा काढल्या. १९७४ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील पंडितांनीं क्वार्क एका पिशवींत कोंडले आहेत असें मानून वजनें काढलीं. १९८१ सालीं रशियांतील इओफे यानें, पोकळी ही पोकळ नसून तिच्यांत क्वार्कांचा एक दाट साठा असतो, या कल्पनेवरून प्रोटॉनचें वजन बऱ्यापैकीं जवळ आणून दाखविलें. १९८३ सालीं विटेन व त्याचे सहकारी यांनीं स्कर्म याचें जुनें मत पुन्हां उजेडांत आणून प्रोटॉन म्हणजे एका क्षेत्रांत पडलेली गांठ मानली. प्रत्येक वाटेनें कांहीं ना कांहीं दिसलें. परंतु प्रत्येकीच्या आरंभीं एक 'असें धरूं' होतें.

हमरस्ता दाखविला केनेथ विल्सन यानें. कॉर्नेल विद्यापीठांतील या पंडितानें १९७४ सालीं असें सुचविलें कीं, अवकाश व काल यांचें सलग वस्त्र न मानतां चौकटीच्या कागदासारखें एक जाळें कल्पावें. क्वार्क त्याच्या गांठींवर ठेवावे आणि ग्लुऑन गांठींना जोडणाऱ्या धाग्यांवर. गांठी मोजक्या झाल्या म्हणजे अनंताचें गणित सान्त होतें, आणि तें यंत्राच्या हवालीं करितां येतें. मग प्रोटॉनची खूण जाळ्याच्या एका टोकाशीं ठेवावी आणि काळाच्या घरागणिक ती किती झपाट्यानें क्षीण होते हें पाहावें. जितका झपाटा अधिक, तितकें वजन अधिक. शेवटीं जाळें बारीक बारीक करीत न्यावें, म्हणजे सलग वस्त्राचें उत्तर मिळावें.

बोलण्यास हें सोपें. पण लहानशा जाळ्यावरहि धाग्यांच्या रचना इतक्या संभवतात कीं, त्या सर्व मोजणें कोणत्याहि यंत्राच्या आवाक्यांत नाहीं. म्हणून यदृच्छेनें कांहीं रचना निवडून त्यांची सरासरी घेतात. या रीतीस जुगाराच्या प्रसिद्ध गांवावरून माँटे कार्लो असें नांव आहे. ब्रूकहॅवन येथील मायकेल क्रॉइत्स यानें १९७९-८० च्या सुमारास या रीतीनें पहिलीं आशादायक गणितें केलीं. १९९३ सालीं डॉन वाइनगार्टन व त्याचे सहकारी यांनीं, आयबीएम कंपनींत मुद्दाम याच कामासाठीं उभारलेलें यंत्र सुमारें वर्षभर चालवून, आठ कणांचीं वजनें काढलीं. तीं प्रयोगाशीं शेंकडा सहाच्या आंत जुळलीं. परंतु त्यांनींहि एक मोठी गोष्ट वगळली होती. पोकळींत क्षणोक्षणीं क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोड्या उपजतात आणि मावळतात. त्यांचा हिशेब धरूं गेल्यास यंत्राचें काम अतोनात वाढतें, म्हणून त्या सोडून दिल्या होत्या. पुढें जपानांत त्सुकुबा येथील गटानें तेंच अपुरें गणित फार काटेकोरपणें केलें, तेव्हां २००० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, वजनें कोठें कोठें शेंकडा दहांपर्यंत चुकतात. ही चूक यंत्राची नव्हती. सोडून दिलेल्या जोड्यांची होती. आमच्या मतें या इतिहासांतील अत्यंत प्रामाणिक कामगिरींत याची गणना झाली पाहिजे. कारण आपल्या उत्तरांत उणेपणा किती हें नेमकें मोजून सांगणें, हें उत्तर सांगण्याहून अवघड असतें.

अखेर २००८ सालीं बुडापेस्ट, मार्सेय व वुपरताल येथील शास्त्रज्ञांच्या गटानें त्या जोड्या न वगळतां हें गणित तडीस नेलें. त्यांनीं निसर्गाकडून तीनच आंकडे उसने घेतले: दोन हलक्या व जड क्वार्कांचीं वजनें ठरविण्यासाठीं, आणि एक जाळ्याचें माप ठरविण्यासाठीं. बाकी सर्व सिद्धान्तांतून. प्रोटॉनचें वजन निघालें ९३६ मात्रा. दोन प्रकारच्या संभाव्य चुका २५ व २२ मात्रांच्या. काट्यावर ९३८! लॅम्डा, सिग्मा, डेल्टा, ओमेगा हेहि आपापल्या जागीं येऊन बसले. पंचांगाच्या पायऱ्या आतां कारणांतून निघाल्या.

यांत आपणां सामान्य जनांचा संबंध काय, असें कोणी विचारील. हिशेब करून पाहूं. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत क्वार्कांचें स्वतःचें म्हणून जें वजन, तें सुमारें सहाशें ग्रॅम; सारे इलेक्ट्रॉन मिळून जेमतेम दीड तोळा. हें थोडकें वजन हिग्ज क्षेत्राकडून येतें, ज्याच्या कणाचा शोध २०१२ सालीं फार गाजला. उरलेलें एकोणसाठ किलोंहून अधिक वजन कोंडलेल्या धांवपळीचें आहे. आपण ज्याला जडत्व म्हणून नांवें ठेवतों, तें तळाशीं पाहूं गेल्यास निव्वळ गति आहे.

आणि त्या दीड मात्रेहूनहि कमी असलेल्या फरकाकडे पाहा! न्यूट्रॉन प्रोटॉनहून १.२९ मात्रांनीं जड आहे. म्हणजे हजारांत दीडहि नाहीं. 'डाउन' क्वार्क 'अप'हून किंचित् जड, त्यानें पारडें न्यूट्रॉनकडे झुकतें. प्रोटॉनच्या विद्युद्भाराची ऊर्जा त्यास उलट ओढते. त्या दोहोंच्या वजाबाकींतून हा फरक उरतो. त्यामुळें मोकळा न्यूट्रॉन सुमारें पंधरा मिनिटांत फुटून प्रोटॉन होतो, आणि प्रोटॉन मात्र टिकतो. हेंच पारडें उलट बाजूस पुरेसें झुकतें तर हायड्रोजनचा अणु टिकता ना, आणि हायड्रोजन नाहीं तेथें पाणी तरी कोठून असणार? २०१५ सालीं त्याच परंपरेंतील गटानें विद्युद्बलाचाहि हिशेब धरून हा फरक जाळ्यावर काढला. उत्तर आलें १.५१ मात्रा, आणि चुकीची मर्यादा लक्षांत घेतां तें प्रयोगाशीं जुळतें. ज्या केसाएवढ्या फरकावर साऱ्या सृष्टीचा पसारा उभा आहे, तो केसहि गणिताच्या चिमटींत आला.

मग आरंभींच्या प्रश्नाचें काय? यंत्रानें ९३६ म्हटलें, म्हणजे आपणांस समजलें काय? पुष्कळ विचारवंतांस यांत समाधान नाहीं. कोट्यवधि गुणाकारांच्या राशींतून निघालेला आंकडा कोणाच्या बुद्धीस उजेड देतो, असें ते विचारतात; आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. या जातीच्या सिद्धान्तांत सर्वांत हलक्या कणासहि वजन असलेंच पाहिजे, हें गणिताच्या शिस्तीनें सिद्ध करणारास अमेरिकेंतील क्ले संस्थेनें २००० सालीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. त्यावर अद्याप कोणाचाहि हक्क ठरलेला नाहीं. उत्तर आलें आहे, सिद्धता आलेली नाहीं.

तरीहि आम्हांस असें वाटतें कीं, या हकीकतींत तीन निरनिराळीं कामें झालीं आणि त्यांची गल्लत करूं नये. १९६२ सालीं नियम सांपडला, १९७३ सालीं कारण सांपडलें, २००८ सालीं हिशेब जुळला. नियमावांचून कारण शोधण्याची दिशाच मिळाली नसती. कारणावांचून हिशेब आंधळा राहिला असता. आणि हिशेबावांचून तें कारण ही केवळ एक सुंदर गोष्ट राहिली असती, जशा सुंदर गोष्टी प्रत्येक युगांत पुष्कळ सांगितल्या गेल्या आणि विसरल्याहि गेल्या. यंत्रानें आपणांस समजाविलें नाहीं हें खरें. पण आपण समजलों होतों तें खरें होतें, एवढी साक्ष त्यानें दिली. समजुतीचा अभिमान बाळगणारास या साक्षीची गरज सर्वांत अधिक असते.

हें काम थांबलेलें नाहीं. दोन 'चार्म' क्वार्क असलेला एक जड बॅरिऑन २०१७ सालीं जिनीव्हा येथें सांपडला. त्याचें वजन ३६२१ मात्रा. आणि जाळ्याच्या गणितानें त्याच्या अगदीं जवळचे आंकडे त्यापूर्वींच दिलेले होते. आपल्या मुंबईंतील टाटा संस्थेंतहि अशींच गणितें चालतात; 'चार्म' व 'बॉटम' क्वार्क एकत्र असलेल्या ज्या बॅरिऑनांस कोणीं पाहिलें नव्हतें, त्यांचीं वजनें तेथील गटानें २०१८ सालीं आधींच लिहून ठेविलीं. पुन्हां एकदां बारसें आधीं आणि जन्म मागाहून. परंतु या खेपेस नांव ठेवणाराजवळ नुसतें पंचांग नाहीं, कारणहि आहे.

पुढच्या वेळीं वाण्याचा तराजू पोत्याखालीं वाकेल, तेव्हां वाचकांनीं एवढें मनांत आणावें कीं, त्या गव्हांत, त्या तराजूंत आणि तो धरणाऱ्या हातांतहि खरोखर वजन आहे तें कोंडलेल्या धांवेचें.